बुडालेल्या गावातला देव

चीनमधलं शिचेंग हे जुनं शहर 1959 मध्ये धरणाखाली गेलं. आज पाणबुडे पाठीवर दाबलेल्या हवेचं नळकांडं बांधून तिथल्या कोरीव कमानी पाहायला उतरतात. दगड शाबूत आहेत, पण पूजा थांबली आहे. मग पूजा थांबलेलं देऊळ देवस्थान उरतं का?

गोव्यातल्या कुर्डीत या प्रश्नाची दोन उत्तरं मिळतात. साळावली धरण झालं तेव्हा पुरातत्त्व खात्याने तिथलं कदंबकालीन महादेव मंदिर दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. सोमेश्वराचं देऊळ मात्र जागीच राहिलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की विस्थापित कुटुंबं चिखल तुडवत तिथे उत्सवाला जमतात. शास्त्रात मूर्तीतलं देवत्व कलशात घेऊन दुसरीकडे नेता येतं. पण ज्या मातीत वाडवडील राहिले, ती माती कलशात कशी मावणार? माणसं परत येतात तोवर ती जागा देवाचीच, असं मानणं अधिक खरं वाटतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीपासून हा प्रश्न दूर नाही. गोसीखुर्द धरणाचा उजवा कालवा तालुक्यातल्या आसोलामेंढा तलावापर्यंत येतो. गोसीखुर्दच्या जलाशयासाठी भंडारा-नागपूरकडच्या गावांनी घरं सोडली, देवळं सोडली. सावलीच्या धानाच्या बांधीत पाणी सोडताना त्या गावांची नावं घ्यायला हवीत.