आगीमागून येणारं फळ

गुडघ्यालाही न लागणारं झुडूप. करड्या रंगाची लवदार पानं आणि अगदी वांग्याच्या फुलासारखं जांभळं फूल. हे साम्य उगाच नाही. आपलं वांगं आणि हे झुडूप एकाच सोलॅनम प्रजातीतले. पण हे उगवतं मध्य ऑस्ट्रेलियाच्या तांबड्या वाळूत. वार्लपिरी लोक त्याला याकाजिर्री म्हणतात, पिंटुपी लोक कम्पुरार्पा. बाजारातलं नाव ‘बुश टोमॅटो’.

हिरवं फळ विषारी असतं. पिकून पिवळं झालं की खाता येतं, आणि तोडलं नाही तर झाडावरच सुकून मनुक्यासारखं होतं. तिथल्या आदिवासी बायका ही सुकलेली फळं वेचायच्या, दगडावर पाणी घालून वाटायच्या, गोळे वळून उन्हात वाळवायच्या. सांडगे घालणाऱ्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पुढचे कित्येक महिने ती बेगमी पुरायची.

मला मात्र सर्वांत जास्त विचार करायला लावते ती त्याची आगीशी असलेली सोयरीक. वरचं झुडूप जळालं तरी जमिनीखाली पसरलेली मुळं जिवंत राहतात. पाऊस पडला की त्या काळ्या राखेतून नवे कोंब येतात आणि झुडूप भरभरून फळतं. पश्चिमेकडच्या वाळवंटातल्या मार्तू बायका थंडीच्या दिवसांत सुक्या गवताला आग लावतात ती घोरपडीची बिळं उघडी पडावीत म्हणून. त्या दिवशीच्या जेवणाची ती सोय. पण त्याच जळलेल्या तुकड्यावर पुढे याच जातकुळीतली फळं येतात. आजची चूल आणि पुढच्या हंगामाची पेरणी एकाच काडीत! आणि बाहेरच्यांनी मात्र या भूमीला रान म्हटलं, कुणी न कसलेली जमीन म्हटलं. मला हे फार चुकीचं वाटतं. नांगर दिसला नाही, एवढ्यावरून कसणारा नव्हताच असं कसं म्हणायचं?

1960 च्या दशकात, या वाळवंटाच्या दिशेने सोडलेल्या रॉकेटच्या चाचण्यांच्या काळात, उरलेसुरले मार्तूही या भूमीतून बाहेर पडले. माणसं गेली तशा त्यांच्या लहान लहान आगीही थांबल्या. गवत माजलं, आणि वीज पडून लागणारे वणवे मैलोन्‌मैल पसरू लागले. लहान आगींनी विणलेली जुन्या-नव्या जळलेल्या तुकड्यांची गोधडी विरून गेली. जमीन आपली माणसं अशी ओळखते, हे वाचताना गलबलून येतं.

1980 च्या दशकात मार्तू परतले. पार्नगुर, पुन्मू अशा वस्त्या उभ्या राहिल्या. बायका पुन्हा खणायच्या काठ्या घेऊन निघाल्या, वाऱ्याचा रोख पाहून त्यांनी गवताला काडी लावली. वाळूखाली मुळं होतीच.