पारसिकचा बोगदा

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या चाळीत एक ख्रिस्ती बाई राहत होती. नवरा रेल्वेत फिटर. त्याची सारी नोकरी कल्याणला गेली. सकाळी दाढी करताना तो उपासनेची गाणी म्हणायचा आणि एका गाण्यात एका ठरावीक ओळीवर त्याचा सूर हटकून चुकायचा. बाई आतून म्हणायची, "पुन्हा चुकलात." तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच चुकायचा. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आठ दिवसांच्या तापात तो गेला.

दफनाला सगळी मंडळी आली. पुढे आठवडाभर घरी रोज प्रार्थना झाली. लोक मायेनं बोलत होते, पण सगळ्यांचं बोलणं एकाच ठिकाणी येऊन थांबायचं. "वहिनी, रडायचं नाही. भाऊ प्रभूत निजलेत. आपण आशा असलेली माणसं."

बाईनं ते मनावर घेतलं. तिला वाटलं, आपण रडलो तर आपला विश्वास कच्चा ठरेल. डोळे भरून आले की ती मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायची. नवऱ्याचा डबा तिनं माळ्यावर टाकला, त्याचं बायबल कपाटात ठेवलं. रविवारी उपासनेला जायची, पण गाणी सुरू झाली की ओठ मिटून बसायची. कोरडे डोळे घेऊन तिनं सहा महिने काढले. लोक म्हणायचे, "किती धीराची बाई!" आणि बाई आतून रोज थोडी थोडी दगड होत होती. लोकांचा हेतू वाईट नव्हता. दुःखाच्या घरी काय बोलावं ते आपल्याला सुचत नाही, म्हणून आपण घाईघाईनं स्वर्गाचं नाव घेतो आणि समोरच्या माणसाचं रडणंच काढून घेतो.

एकदा कागदपत्रांसाठी ती ठाण्याला गेली. 2 नोव्हेंबरचा दिवस होता. काम उरकून स्टेशनकडे जाताना मासुंदा तलावाजवळच्या संत जॉन द बाप्टिस्ट चर्चपाशी तिचे पाय रेंगाळले. हे चर्च पोर्तुगीज काळातलं. 2 नोव्हेंबरला कॅथलिक लोक आपल्या मृतांची आठवण करतात. लुगडं नेसलेली एक म्हातारी मेणबत्ती लावून, पदरानं डोळे पुसत, कुणाचं तरी नाव घेऊन रडत होती. तिला कुणी गप्प करत नव्हतं. बाईला तिचा हेवा वाटला आणि त्या हेव्याचीही लाज वाटली.

संध्याकाळची कल्याण फास्ट पकडून ती बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवर टेकली. जलद लोकल तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. 2022 साली नव्या मार्गिका सुरू झाल्यावर बोगदा लांबच्या गाड्यांकडे गेला. डोंगर फोडून केलेला हा बोगदा 1916 चा, जवळजवळ 1.3 किलोमीटर लांब. डोंबिवलीकरांच्या कित्येक पिढ्या त्यातून रोज गेल्या, पेंगत, भाजी निवडत, भांडत.

समोर एक तरुण आई बसली होती. मांडीवर चारपाच वर्षांची मुलगी, गावाहून पहिल्यांदाच आलेली असावी. गाडी बोगद्यात शिरली, आवाज एकदम दुप्पट झाला आणि नेमके त्याच वेळी डब्यातले दिवे गेले. मुलगी किंचाळली.

"आई, कुठं आलो आपण?"

"बोगद्यात."

"मला भीती वाटते."

"वाटू दे. मला धरून बस."

मुलगी भोकाड पसरून रडू लागली. आईनं तिला गप्प केलं नाही, नुसती जवळ ओढून घेतली. हुंदक्यातच मुलीनं विचारलं, "किती वेळ?"

"संपेल आत्ता. मग दिवा येईल."

"कुठला दिवा?"

"स्टेशन आहे गं, दिवा नावाचं."

गाडी उजेडात आली. मुलीचं तोंड अजून ओलं होतं आणि दोन्ही हातांच्या मुठीत आईचा पदर होता. बाई त्या मुठींकडे बघत राहिली. पोर केवढी रडली, पण रडताना तिनं आईला सोडलं नाही. रडत होती म्हणूनच तर इतकं घट्ट धरलं होतं. आणि रडलीस म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही, असं काही ती आई म्हणाली नाही.

घरी येऊन बाईनं नवऱ्याचं बायबल काढलं. त्यात रेल्वेचा जुना पास खूण म्हणून घातलेला होता, तेविसाव्या स्तोत्रापाशी. हे स्तोत्र तिला शाळेपासून पाठ होतं. आज मात्र ते वाचताना ती मध्येच अडली. स्तोत्रकर्ता सुरुवातीला मेंढपाळाबद्दल 'तो' म्हणून बोलतो. हिरवळ असते, संथ पाणी असतं, तोवर देव 'तो' असतो. मग काळोखाची दरी येते आणि तिथं शिरल्याबरोबर 'तो'चा 'तू' होतो. इतक्या वर्षांत हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. उजेडात ज्याच्याविषयी बोलायचं, त्याच्याशी अंधारात बोलायचं.

मग तिनं योहानाचा अकरावा अध्याय काढला. लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झालेले. थोड्या वेळानं तो बाहेर येणार हे येशूला ठाऊक आहे. तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून तो स्वतः रडला. पुनरुत्थान ज्याच्या हातात, तोही आधी रडला. बाईनं पुस्तकावर डोकं ठेवलं. सहा महिन्यांचं पाणी त्या रात्री वाहून गेलं. रडत रडत ती देवाला म्हणाली, "तू इथं आहेस ना?" उत्तर काही आलं नाही. पण आपण एकट्यानं रडत नाही एवढं तिला कळलं. विश्वासानं दुःख टळत नाही. त्या दुःखात धरायला कुणीतरी असतं.

चार दिवसांनी म्हातारे पाळकसाहेब आले. तिचे सुजलेले डोळे बघून म्हणाले, "बरं झालं, ताई." चहा घेता घेता त्यांनी रेव्हरंड टिळकांची आठवण काढली. नारायण वामन टिळकांचं बालपणीचं शिक्षण कल्याणातच झालं, 1869 ते 1873. त्याच सुमारास आई गेली आणि पोर घर सोडून नाशिकला गेलं. पुढे 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. "शाळेत त्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शिकलात ना?" पाळकसाहेब म्हणाले. "मरता मरता पिल्लांची काळजी करणारी पक्षीण. मला वाटतं, लहानपणी आई गेलेल्या माणसालाच ती दिसली असणार. ख्रिस्ताचे झाले म्हणून टिळकांचा जीव कोरडा पडला नाही. आणि 1919 साली ते गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं, तेव्हा ते पुढे कुणी लिहिलं? लक्ष्मीबाईंनी. नवरा जिथं थांबला, तिथून त्यांनी लेखणी उचलली."

बाई काही बोलली नाही. पाळकसाहेब गेल्यावर तिनं माळ्यावरचा डबा खाली काढला आणि चिंच लावून घासला.

पुढच्या पावसाळ्यात गॅलरीतल्या तिसऱ्या खोलीतल्या मुलीचा नवरा अपघातात गेला. घर माणसांनी भरलं होतं. "धीर धर, मुलांकडे बघ, रडू नकोस," असं जो तो सांगत होता. बाई आत गेली आणि भिंतीला टेकून तिच्याशेजारी बसली.

बऱ्याच वेळानं मुलगी म्हणाली, "काकू, देवानं असं का केलं?"

"मला नाही गं माहीत. तू रड. मी बसलेय इथं."

मुलीनं तिच्या पदरात तोंड खुपसलं. रात्री माणसं पांगली, मुलं भुकेजली होती. बाईनं घरून नवऱ्याचा डबा आणला, पीठ मळलं, तवा ठेवला. भाकरी थापता थापता तिच्या तोंडून हळूच ते गाणं आलं. सबंध वर्षात पहिल्यांदा. ती ओळ आली तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं सूर नेमका त्याच्यासारखाच चुकवला आणि भाकरी उलटली.