धोका किती, आणि ठरवणार कोण?

अणुऊर्जेला विरोध करणाऱ्यांना आकडे कळत नाहीत, ही तज्ज्ञांची जुनी तक्रार. तिला पहिला तडा दिला तो अणुऊर्जेचाच समर्थक असलेल्या चॉन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याने. माणूस स्वखुशीने पत्करलेला धोका लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजारपट जास्त सहन करतो, असा हिशेब त्याने 1969 मध्ये मांडला. दहा वर्षांनी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना तीस गोष्टी धोक्याच्या क्रमाने लावायला सांगितल्या. ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ या अमेरिकी नागरी संघटनेच्या सदस्यांनी, म्हणजे सामान्य लोकांनी, अणुऊर्जेला पहिला क्रमांक दिला, तज्ज्ञांनी विसावा. खरी गंमत पुढे आहे. वर्षाला माणसे किती मरतात, असे विचारल्यावर याच सामान्य लोकांनी अणुऊर्जेपुढे सर्वांत लहान आकडे लिहिले. थोडक्यात, आकड्यांवरून वाद नव्हताच. एकदाच, पण भयंकर बिघडले तर काय, आणि ती जोखीम आमच्या वतीने कोणी घेतली, हा त्यांचा सवाल होता.

कोकणातल्या राजापूर तालुक्यात, जैतापूरला 9,900 मेगावॉटचा अणुप्रकल्प ठरला तेव्हा हाच सवाल रस्त्यावर आला. प्रकल्पात जमीन जाणाऱ्या माडबन परिसरातल्या मालकांचा विरोध उघडच समजण्यासारखा होता. पण साखरी नाटे या मच्छीमार गावाची जमीन जात नव्हती, तरी ते आघाडीवर होते. समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळी दूर जाईल, सुरक्षेच्या नावाखाली बोटी अडवल्या जातील, ही त्यांची धास्ती. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेने लोकांना घाबरवले म्हणावे, तर तारखा जुळत नाहीत. फुकुशिमा मार्च 2011 चे. माडबनची जनसुनावणी मे 2010 ची, आणि पर्यावरणीय अहवालाची मराठी प्रत वेळेत मिळाली नाही, ही तक्रार तेव्हाचीच. फुकुशिमानंतरच्या महिन्यात साखरी नाटे येथे पोलीस गोळीबारात एकाचा जीव गेला. नुसती भीती माणसाला घरात बसवते. आपल्याला कोणी विचारलेच नाही, हा राग तिला मिळाला की तोच माणूस मोर्चात येतो.

राजकीय पक्षांनी ही भीती फुगवली, हा आक्षेप खोटा नाही. काही नेत्यांनी तिच्यावर पोळी भाजून घेतलीच. पण फुगवून सगळे होत असते, तर रस्ते अपघातांवरही निवडणुका लढल्या गेल्या असत्या. देशात वर्षाला दीड लाखांहून अधिक माणसे त्यात दगावतात. तो धोका विखुरलेला, रोजचा आणि आपल्याच हातात असल्यासारखा वाटतो. म्हणून त्यावर मत क्वचितच पडते. लोकांच्या धोक्याच्या जाणिवेची ही मोठी उणीव आहे, आणि ती मान्य करायलाच हवी. मात्र तिच्यावरचा उपाय म्हणून निर्णय फक्त तज्ज्ञांच्या हाती देणे मला पटत नाही. मृत्यूंची मोजणी तज्ज्ञ करतील, पण कोणता धोका कोणी सोसायचा, हे ठरवायला सोसणारा हजर हवा. तेव्हा सरकारने जनसुनावणी जागा मुक्रर होण्याआधी घ्यावी, आणि अहवालाची मराठी प्रत महिनाभर आधी ग्रामपंचायतीत ठेवावी.