पाडलेल्या घरांची चतुःसीमा

इतिहास म्हणजे राज्यांचे उत्कर्षापकर्ष, ही समजूत जोवर प्रबळ होती तोवर घराला इतिहासात प्रवेश मिळे तो मालकाच्या पदराला धरूनच. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड, पानिपतच्या पर्वातील पत्रव्यवहार देऊन, प्रसिद्ध केला आणि जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडी पडलेल्या दफ्तरांकडे पाहण्याची महाराष्ट्राची दृष्टी पालटली, हे निर्विवाद. परंतु दफ्तराचा रुमाल सोडून कागद उलगडणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणेच कागदावर असे, आणि ज्या वाड्याच्या माळ्यावर तो रुमाल सापडला तो वाडा त्याच्या दृष्टीने कागदाची पेटी एवढाच राही.

वास्तू हेच साधन, हा विचार त्याच दशकात लंडनच्या पूर्व भागात, ब्रॉम्ली-बाय-बो येथे, मूळ धरू लागला. आणि तोही घर गेल्यानंतर. सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले ‘ओल्ड पॅलेस’ नामक एक भव्य घर तेथील स्कूल बोर्डाने शाळेला जागा हवी म्हणून पाडले, त्यातील एका दालनाचे नक्षीदार लाकूडकाम तेवढे साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पोचले, आणि या प्रकाराने उद्विग्न झालेल्या सी. आर. अ‍ॅशबी या वास्तुविशारदाने 1894 मध्ये एक समिती स्थापून, जे अद्याप उभे आहे त्याची पडण्यापूर्वी नोंद करावी, असा उद्योग आरंभिला. त्यातून ‘सर्व्हे ऑफ लंडन’ ही ग्रंथमाला निघाली. 1900 मधील तिचा पहिला खंड अर्थातच ब्रॉम्लीचा होता. पण अ‍ॅशबीची दृष्टी कलावंताची होती. जिन्याचा कठडा सुंदर असेल तर घर नोंदीस पात्र. कारकुनांच्या एकसारख्या घरांच्या रांगांना त्या दरबारात रुजवात नव्हती. ती मिळण्यास बराच काळ जावा लागला. इतिहासकार एच. जे. डायॉस यांनी 1961 मध्ये कँबरवेल या लंडनच्या उपनगरावर ग्रंथ लिहिला तेव्हा, जमीन कोणाची, भाडेपट्टा कोणाचा, बांधणारा कोण आणि राहावयास कोण आले, अशा रूक्ष प्रश्नांतून सामान्य घरही इतिहासाचा विषय होऊ शकते हे दिसून आले.

आपल्याकडे पडणाऱ्या घरांच्या नोंदीचा हा प्रश्न साष्टीत, म्हणजे मुंबईच्या उपनगरांत, जितका निकडीचा आहे तितका क्वचितच कोठे असेल. 1896 च्या प्लेगने मुंबईकराला मोकळ्या हवेची किंमत कळली, रेल्वेने अंतर तोडले, 1915 च्या नगररचना कायद्याने वेड्यावाकड्या शेतांचे चौकोनी भूखंड पाडण्याची सोय केली, आणि खार, सांताक्रूझ, पार्ले येथे मंगलोरी कौलांचे, ओटीचे, आवारात विहीर व आंबा असलेले बंगले उठले. पुढे मालकीच्या सदनिकांचा जमाना आला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने तर शहरातील आरक्षित जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला विकासहक्क उत्तरेकडील उपनगरांत नेऊन खर्ची घालण्याची मुभा दिली, आणि परळ-दादरकडे सुटलेल्या जमिनीचे मजले पार्ल्याच्या आकाशात चढले. बंगला गेला, नाव मात्र बहुधा इमारतीच्या फाटकावर राहिले, कारण नावाला चटईक्षेत्र लागत नाही.

या बंगल्यांच्या आठवणी आता पुष्कळ लिहिल्या जातात, आणि त्या वाचताना मला आनंदाबरोबर किंचित संशयही येतो. आठवण लिहिणारा बहुधा मालकाचा नातू असतो. त्याला झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज आठवतो. मागील आवारातल्या खोलीत राहणाऱ्या माळ्याचे गाव कोणते, हे आठवत नाही. आणि बंगल्यापूर्वी त्या जागी काय होते, हा प्रश्न तर त्याच्या बालपणाच्या कक्षेतच येत नाही. वस्तुतः तेथे भाताचे खाचर होते, ते कोणी तरी कसत होते, आणि जवळच्या गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोळी, आगरी यांची घरे बंगल्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून होती. बंगल्यापाशी थांबणारा स्थानिक इतिहास हा, कठोर शब्द वापरायचा तर, मालमत्तेचा गौरवग्रंथ होय.

येथे उपयोगी पडतात ते सरकारी दप्तरातील नीरस कागद. मिळकत पत्रिकेवर हस्तांतरे क्रमाने नोंदलेली असतात. फेरफाराच्या नोंदीत शेत कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर चढले ते असते. खरेदीखतातील चतुःसीमेत पूर्वेस कोणाची मिळकत, पश्चिमेस कोणता ओढा अथवा रस्ता, हे सांगितलेले असते, म्हणजे एका घराच्या कागदात भोवतालची चार घरे आपोआप शिरतात. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप ही जुन्या सनदांतील मालिका कित्येक खरेदीखतांत अजून उतरवली जाते. कारकुनाने ती सवयीने लिहिली असेल. तरी ज्या आवारात आज तृणही नाही त्याच्या कागदात ती वाचताना मन क्षणभर थबकते. अर्थात कागदही पक्षपाती असतो. पोटभाडेकरूचे नाव त्यात सापडत नाही, आणि स्त्रीचे नाव पुष्कळदा वारसनोंदीच्या वेळीच प्रथम उमटते. तेथे पुन्हा तोंडी आठवणीकडेच वळावे लागते, पण ती नातवाबरोबरच शेजारणीची, दूधवाल्याची आणि गावठाणातल्या वृद्धाचीही असावी.

घरांची नोंद ठेवण्याचे हे कार्य कोणा विद्यापीठाची वाट पाहत राहण्याइतके अवघड नाही. जुनी इमारत पाडून नवी उभारण्याची परवानगी मागताना नकाशे, मोजणी आणि मालकीचे कागद गोळा करावेच लागतात; त्यांपैकी पाडावयाच्या घराच्या नकाशाची एक प्रत, आतून-बाहेरून घेतलेल्या काही छायाचित्रांसह, त्या उपनगराच्या सार्वजनिक वाचनालयात जमा करावी अशी अट परवान्यात घातली, तर घर पडण्यापूर्वी नोंद करण्याचा अ‍ॅशबीचा आग्रह निम्म्याहून अधिक पुरा होईल, आणि बिल्डरला त्यासाठी येणारा खर्च फाटकावरच्या नामफलकाहून खचित कमी असेल.