सीमेपलीकडचा पेला

नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्याच्या कडेचे गाव. गांधीजींची कर्मभूमी म्हणून या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. तळेगावहून तिवशाच्या दिशेने निघालो की थोड्याच अंतरावर अमरावती जिल्हा लागतो आणि अलीकडे जो गुन्हा होता तो पलीकडे परवान्याचा व्यापार ठरतो. मद्य तेच, पिणाराही तोच. मग दोष नेमका कशात? मद्यात, पिण्यात, की केवळ जिल्ह्याच्या नकाशात?

अमेरिकेला हा प्रश्न फार जुना आहे. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याला धान्याची पोती दूरच्या बाजारात नेणे परवडत नसे. त्याच धान्याची व्हिस्की मात्र पिंपांत भरून नेता येई. १७९१ मध्ये तिच्यावर कर बसताच पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकरी बिथरले. १७९४ मध्ये त्यांचे बंड मोडण्यासाठी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः सैन्यासह निघाले. पुढे १७९७ मध्ये याच वॉशिंग्टनांनी आपल्या माउंट व्हर्ननच्या शेतीवर व्हिस्कीची भट्टी घातली. तेथे राबणाऱ्यांत गुलामही होते.

या इतिहासात आपली माणसेही आहेत. १७८५ मध्ये बेसिल हेडन हे मेरीलँडमधील कॅथलिक कुटुंबांना घेऊन केंटकीत गेले आणि तेथे व्हिस्की गाळू लागले. त्या परिसरातील बार्डस्टाऊन येथे १८०८ मध्ये न्यूयॉर्क व बॉस्टन यांच्याबरोबरच धर्मप्रांत स्थापन झाला. आज ते गाव बर्बनची राजधानी म्हणून मिरवते. १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती. मिस्सेच्या द्राक्षारसाला तीतून सूट होती आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्कीही मिळे. ज्याला चिठ्ठी परवडत नसे त्याच्या वाट्याला चोरट्या भट्टीचे विष येई. मग १९६४ मध्ये त्याच देशाच्या काँग्रेसने बर्बन हे अमेरिकेचे खास उत्पादन असल्याचा ठराव केला. निम्म्याहून अधिक मका आणि आतून जाळलेली ओकची नवी पिंपे, हा तिचा नियम.

आमच्याकडे मोहाची फुले वाळवतात, भिजवून सडवा करतात आणि चुलीवर गाळतात. कृतीचे तत्त्व तेच आहे. परंतु केंटकीची भट्टी पाहायला पर्यटक जातात आणि वर्ध्यातील सडवा पोलीस ओतून देतात. शेजारच्या मध्य प्रदेशने मोहाच्या मद्याला वारसा म्हणून मान्यता देण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. गरिबाची दारू ती गावठी आणि श्रीमंताची ती परंपरा, हा न्याय आम्हांला पटत नाही.

म्हणून दारूबंदी व्यर्थ, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९९३ मध्ये गडचिरोलीत बंदी आली ती लोकांच्या चळवळीतून, आणि तीत स्त्रिया पुढे होत्या. मजुरी घरी पोहोचते की नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? जो प्रश्न आपण ग्रंथांत सोडवतो, तो त्या रात्री दाराशी उभ्या राहून सोडवीत असतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी द्राक्षारस मुळात निषिद्ध मानला नाही. ज्याला तो सोसत नाही किंवा ज्याने तो न घेण्याचे व्रत घेतले आहे त्याने तो घेऊ नये, कोणीही मर्यादा ओलांडू नये, आणि ज्याच्यामुळे दुसऱ्याला अडखळण होते तो पेलाही टाळावा, असे त्यांचे विवेचन आहे. यातली शेवटची अट रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाशी जुळते. आपण मात्र पहिल्या दोन अटींवरच थांबतो. ‘मला सोसते, मी प्रमाणात घेतो’ एवढे म्हटले की आपला हिशेब पूर्ण होतो. कानाच्या लग्नाचा दाखलाही आपल्या तोंडी तयारच असतो.

लग्नाच्या किंवा बाप्तिस्म्याच्या जेवणावळीत आपण बाटल्या मांडतो, तेव्हा पाहुण्यांत असा एखादा असतो, ज्याने महिन्यापूर्वीच पिणे सोडले आहे. त्याची पत्नी कोपऱ्यातून त्याच्या हाताकडे पाहत असते. यजमानाला हे ठाऊक असते आणि तरीही तो आग्रह करतो. तेथे अबकारी खात्याचा कोणताही नियम मोडलेला नसतो.