बांधलेल्या माशाचे पाणी

नळाचे पाणी तसेच फिश टँकमध्ये ओतल्याने मासा मेला, तर त्याला हिंसा म्हणावे का? मारण्याचा हेतू नव्हता, टाकी स्वच्छ ठेवायची होती. तरीही जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या कसोटीवर याचे उत्तर ‘हो’ असेच येते, असे मला वाटते. त्याच्या सातव्या अध्यायात प्रमादामुळे झालेला प्राणघात म्हणजे हिंसा. प्रमादात रागद्वेष येतात, तसा बेसावधपणाही येतो. त्याच अध्यायात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. यातला शेवटचा मला फार मोलाचा वाटतो. ज्याला आपण बांधले त्याला स्वतःचे पाणी शोधता येत नाही, म्हणून ते पुरवणे व्रतातच येते. माशाच्या बाबतीत तर पाणी हाच श्वास.

भारतीय मानक १०५०० प्रमाणे नळापर्यंत आलेल्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवे. माणसांना रोगराईपासून वाचवणारी ही तरतूद योग्यच आहे. पण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी सुचवलेली अल्पकाळाची मर्यादा ०.०१९ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे दहापट कमी आहे. माशाचे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये कल्ल्यांचा अतिशय पातळ पडदा असतो आणि क्लोरीन तोच जाळते. शिवाय माशांनी बाहेर टाकलेला अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जीवाणूही त्याने मरतात. मग अमोनिया साठत जातो, मासा काही दिवसांनी दगावतो आणि पाणी बदलण्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. प्रमाद लपतो तो इथेच. उपाय मात्र हाताशी आहे. पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवले, हवेचा पंप लावला, तर क्लोरीन उडून जाते. दुकानात मिळणारे अँटिक्लोरीन, म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, तेच काम काही क्षणांत करते. क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरणाऱ्या शहरांत मात्र नुसते पाणी साठवून भागत नाही. इतक्या सोप्या उपायापुढे ‘ठाऊक नव्हते’ ही सबब टिकत नाही. मासा घरी आणण्याआधी विचारून घेणे हे पाळणाऱ्याचे काम होते.

माशाला वेदनाच नसतात, असा एक आक्षेप घेतला जातो. उलट शास्त्रज्ञ लिन स्नेडन यांच्या २००३च्या प्रयोगात ओठांत आम्ल टोचलेले ट्राउट मासे खड्यांवर तोंड घासत होते, अन्न टाळत होते. यावरून माशाला वेदना होतात, हा निष्कर्ष ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ मानत नाहीत. पण जैन विचारात मासा पंचेंद्रिय जीव आहे आणि हा वाद मिटेपर्यंत त्याच्या प्राणांचे रक्षण थांबवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: बांधणे हाच पहिला अतिचार, मग पाण्याची काळजी कसली मिरवायची? हा आक्षेप मला मान्य आहे. हौसेसाठी नवा मासा आणू नये, इथपर्यंत तो नेतो. पण टाकीत आधीच असलेल्या माशाला तळ्यात सोडणे ही सुटका नव्हे. शोभेचा म्हणून आलेला सकर मासा उजनी जलाशयात पसरला आणि तिथल्या मासेमारीच्या मुळावर आला. म्हणून नवी खरेदी थांबवली, तरी घरातला मासा जगेल तोवर त्याच्या प्रत्येक बादलीतले क्लोरीन काढण्याचे बंधन पाळणाऱ्यावर राहतेच.