न पाहिलेला गवय

चैत्राच्या अखेरीस, सकाळच्या शाळेतही दहा वाजताच पत्र्याखालचा वर्ग तव्यासारखा तापू लागतो अशा दिवसांत, अमळनेर तालुक्यातील एका लहानशा शाळेत दुसरीच्या मुलांपुढे ध्रुवप्रदेशातील प्राण्यांचा तक्ता टांगलेला मी पाहिला. आदल्या दुपारी पारा ४३ अंशांवर गेलेला, आणि तक्त्यावर बर्फाच्या एकाच लादीवर पांढरे अस्वल व पेंग्विन शेजारी शेजारी उभे! "गुरुजी, तेले थंडी वाजस नही का?" असे पुढच्या रांगेतील एका मुलाने विचारले, तेव्हा गुरुजींनी बर्फगोळ्याच्या गाडीवरून गोणपाटात गुंडाळून आणलेला खडा त्याच्या तळहातावर ठेवला. पाणी बोटांच्या फटींतून मनगटावर, तेथून कोपरापर्यंत ओघळले, फरशीवर पडलेला थेंब पाहता पाहता वाळला. मुलाने मूठ मात्र सोडली नाही. या अस्वलाच्या पांढऱ्या केसांखालची कातडी काळी असते, असे गुरुजींनी सांगताच त्याला घरची म्हैस आठवली.

ज्या अमळनेरात प्रताप शेठजींच्या औदार्याने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तेथे हा प्रसंग पाहताना न्यायशास्त्रातील गवयाचे स्मरण व्हावे हे स्वाभाविकच होते. गवय गाईसारखा असतो, एवढेच अरण्यवासीयाकडून ऐकलेला नागरिक पुढे रानात जातो, तसा पशू दृष्टीस पडताच त्याला ते वाक्य आठवते, आणि हाच तो गवय, असे ज्ञान त्याला होते; हेच उपमान. परंतु रानात जाण्याची ती शेवटची पायरी खानदेशातील मुलाच्या वाट्याला बहुधा यावयाची नाही. सातपुड्यातील काळे अस्वलही ज्याने पाहिलेले नाही, त्याने त्याच्या आधारे उत्तरेकडील पांढऱ्या अस्वलाची कल्पना करावयाची, म्हणजे उपमानालाच पुन्हा उपमानाचा टेकू द्यावयाचा! अशा वेळी उरते ते शब्दप्रमाण, आणि त्याचे प्रामाण्य सर्वस्वी आप्तावर, म्हणजे वस्तू यथार्थ जाणून ती यथार्थच सांगू इच्छिणाऱ्या वक्त्यावर अवलंबून असते. सात वर्षांच्या मुलाचे आप्त म्हणजे त्याचे गुरुजी. म्हणूनच त्या तक्त्यातील चूक मला क्षुल्लक वाटली नाही. पांढरे अस्वल उत्तर ध्रुवाकडचे, बर्फावरचे पेंग्विन दक्षिण ध्रुवाकडचे. निसर्गात त्यांची कधी गाठच पडत नाही. प्रौढ वाचक ही चूक पुढेमागे दुरुस्त करील. मुलाजवळ मात्र पडताळ्याचे दुसरे साधन नाही, त्याचा विश्वास ही आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे, आणि ठेवीत अफरातफर करण्याची मुभा कोणत्याही विश्वस्ताला नसते.

जवळची तापी आणि गोठ्यातील म्हैस सोडून इतक्या दूरचे शिकवावेच कशाला, हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. त्याचे उत्तर मला विनोबांच्या एका दृष्टान्तात सापडते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांतील दहाव्या अध्यायाच्या विवेचनात विनोबा बालवर्गाचाच दृष्टान्त घेतात. आधी सोपी, ठळक अक्षरे, मग जोडाक्षरे. ईश्वरही त्याच क्रमाने, प्रथम आईसारख्या सौम्य रूपांत आणि मग हिंस्र व विकट रूपांत वाचावयाचा. ध्रुवावरील प्राणी हे मला याही पुढचे अक्षर वाटते. आई माया देते, गाय दूध देते, नदी पाणी देते. वाघ आणि साप निदान भय तरी देतात. पेंग्विन आपल्याला काहीच देत नाही. दक्षिणेच्या अंधाऱ्या हिवाळ्यात सम्राट पेंग्विनचा नर एकच अंडे पायांवर तोलून, पोटाच्या कातडीच्या घडीखाली झाकून, सुमारे ६५ दिवस अन्नावाचून ते उबवीत राहतो. त्या तपश्चर्येचा आपल्या लाभहानीशी काडीचाही संबंध नाही, ती कोणी पाहावी म्हणून चाललेली नाही, आणि तरीही ती चालली आहे, हे मुलाच्या मनात उतरणे यालाच मी धर्मशिक्षणाचा आरंभ मानतो. पेंग्विनला काळा कोट घातलेला मामा करून सांगण्याची रीत मला म्हणूनच रुचत नाही. त्या मामाच्या आडून आपण पुन्हा आपल्याच घराची गोष्ट सांगत असतो. म्हैस आठवणे निराळे. तेथे मुलगा आपल्या गोठ्यातून निघून त्या अपरिचिताकडे जात होता.

मधल्या सुटीत तक्त्याविषयी मी भीत भीत बोललो. गुरुजींनी वाद न घालता कपाटातून कात्री काढली, तक्ता मधोमध कापला, अस्वल सातपुड्याच्या बाजूच्या भिंतीला लावले आणि पेंग्विन समोरच्या दक्षिणेकडील भिंतीला. सुटी संपून मुले दोहोंच्या मध्ये बसली. मघाच्या मुलाने दोन्हीकडे मान वळवून पाहिले आणि आपल्याला जवळचे कोणते, असे विचारले. उत्तर ध्रुव जवळचा, असे सांगून गुरुजींनी त्याचे अंतर फळ्यावर लिहिले: सुमारे ७,७०० किलोमीटर. तो आकडा दुसरीच्या मुलांना अजून वाचता येत नव्हता.